न उचललेले फोन

इमारतीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी आणि तिच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, गिरणीवाल्याचं घर. त्याला सगळे पिठोबा म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं याची चौकशी करू नये. ठेवणारे याच इमारतीत राहतात आणि अजून त्याच्याकडेच दळण टाकतात. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा पिठाचा थर, आणि त्यातून दोन काळे डोळे तेवढे लुकलुकणार. माणूस पंचेचाळिशीचा, पण आंघोळ झाल्याशिवाय ते कळत नाही. बोलणं विचाराल तर "बारीक की जाड?" हा प्रश्न आणि "संध्याकाळी या" हे उत्तर. एवढ्या भांडवलावर त्याने धंदा केला आणि, खरं सांगायचं तर, संसारही केला.

संसार म्हणजे तो आणि बायको. मूलबाळ नाही. लोक पाकिटातलं पीठ आणायला लागले, गिरणीचा पट्टा दिवसातला अर्धा वेळ नुसता लोंबकळायला लागला, तेव्हा बायकोने आजारी माणसांच्या देखभालीचं शिक्षण घेतलं आणि थेट परदेशातल्या एका वृद्धाश्रमात नोकरी धरली. तिला जाऊन तीन वर्षं होत आली. या काळात ती एकदाही आलेली नाही. सुरुवातीला नवऱ्याला नेण्याची परवानगी नव्हती. आता मिळाली, पण तीही अशी की वर्षअखेर नियम बदलणार. त्याआधी अर्ज गेला तर गेला, नाहीतर ती तिकडे आणि हा इकडे, पुढे किती वर्षं ते त्या देशाच्या साहेबांना ठाऊक.

या परवान्याचं नाव डिपेंडंट व्हिसा. अर्थ कळल्या दिवसापासून इमारतीला नवा उद्योग मिळाला.

"काय हो पिठोबा," समोरच्या खिडकीतून काकू ओरडायच्या, "वहिनी आता तुम्हाला पदराला गाठ मारून नेणार म्हणे!"

"नेते म्हणते."

"तिकडे भांडी घासावी लागतात बरं. आत्ताच सवय करा. आमच्याकडून सुरुवात करा हवं तर."

पिठोबा हसायचा. पीठ ओठांच्या कोपऱ्यात भेगाळायचं, म्हणून हसला हे कळायचं. पण जिना चढताना तो शब्द त्याच्याबरोबर वर यायचा. 'अवलंबून असलेली व्यक्ती.' आख्ख्या गल्लीचं पीठ ज्याच्या हातून गेलं तो माणूस आता कागदावर कुणाचा तरी बोजा होणार. तिकडे गिरण्या नाहीत. लोक पीठ कुठून येतं हेही विचारत नसतील. सकाळी उठून तिथे करायचं काय? खिडकीशी बसून बायकोची वाट बघायची?

हे तो कुणाजवळ बोलला नाही. बायकोजवळ तर नाहीच. तो फक्त सावकाश झाला. पोलिसांच्या दाखल्याला गेला आणि फोटो घरी विसरला. पुन्हा गेला, पुन्हा विसरला. फोटोचीही एक तऱ्हाच झाली होती. पांढऱ्या पडद्यासमोर बसवून फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुमचे केस कुठे संपतात आणि पडदा कुठे सुरू होतो तेच दिसत नाही. डोकं धुऊन या." दोनदा धुतल्यावर कुठे डोक्याला कड आली.

असं करत करत एकदाची फाईल भरली. लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, डॉक्टरी तपासणी, तिच्या पगाराचे कागद, तिच्या खोलीचा करार. ती घेऊन तो व्हिसावाल्या बाईंकडे गेला. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. खुर्च्यांवर लोक मांडीवर फाईल धरून बसलेले. बाईंनी एकेक कागद उलटला, पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या, मान डोलावली.

"इथे सही राहिली दादा."

"चष्मा विसरलो मॅडम."

"बरं, पुढच्या वेळी. आता फोन द्या."

"कशाला?"

"तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता हे दाखवायचं असतं. नवरा-बायको लांब राहत असले की त्यांना आधी हाच संशय येतो, लग्न खरं की कागदापुरतं? कॉलची यादी जोडली की काम झालं."

पिठोबाची छाती फुगली. एवढा एकच कागद असा होता की जिथे तो कुठे कमी पडणार नव्हता. "रोज असतो मॅडम. दिवसातून चार-चार वेळा. एक दिवस खाडा नाही."

बाई यादी वर सरकवत गेल्या. सरकवत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी आवाज खाली आणला, तो इतका खाली की बाकीच्यांनी लगेच कान टवकारले.

"दादा, रागावणार नसाल तर विचारते. वहिनी तुमचा फोन उचलत नाहीत का?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"आणि त्यांचा आला तर?"

"मी कशाला उचलेन?"

शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी पिठोबाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, तो उचलायचाच नसतो!" पिठोबा एरवी कधी बोलत नाही एवढं एका दमात बोलला. एक रिंग म्हणजे उठलो. दोन म्हणजे जेवलो. कामावर पोचलो की एक, घरी आलो की दोन. गिरणी चालू असली की शेजारी बॉम्ब पडला तरी ऐकू येत नाही, पण फोन सदऱ्याच्या खिशात थरथरला की छातीला कळतं. तिकडे कामाच्या जागी बोलायला बंदी. तिच्याही खिशात नुसतं थरथरतं. दोघांच्या वेळाही जुळत नाहीत. ती निघाली तेव्हा पहिल्या दिवशी सोय म्हणून ठरलं आणि मग तेच अंगवळणी पडून गेलं. वेगळं सांगायचं तरी काय असतं? उठली, जेवली, पोचली, परतली. माणसाचं याहून जास्त काय असतं?

"मेसेज?"

"तिला लिहायचा कंटाळा. आणि माझ्या पिठाच्या बोटांना तो पडदा दाद देत नाही."

"व्हिडिओ?"

"एकदा केला होता. दोघंही कोपऱ्यात आपापलाच चेहरा बघत बसलो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मला पटलं हो. पण तिकडच्या साहेबाला काय दिसणार? एक माणूस एका बाईला रोज चारदा फोन करतो आणि ती एकदाही उचलत नाही. व्हिसा राहू दे बाजूला, तिच्या दारात पोलीस जाऊन विचारतील, 'बाई, हा इसम तुम्हाला त्रास देतोय का?'"

ठरलं ते असं. अर्ज काही आठवडे थांबवायचा. तेवढ्यात रोज बोलायचं. खरंखुरं, तोंडाने. मुदत संपायच्या आत यादी माणसात आली पाहिजे.

पिठोबा दुपारी गिरणी बंद करतो. त्याची दुपार म्हणजे तिची संध्याकाळ. तो हातपाय धुऊन, पुसून, पलंगावर ताठ बसला आणि त्याने फोन लावला. एक रिंग झाली, दोन झाल्या. अंगठा सवयीने बंद करायला निघाला. त्याने तो मुठीत धरून ठेवला. फोन वाजत राहिला.

"कोण गेलं?" पलीकडून आवाज आला. धाप लागलेला.

कारण ठरलेलंच तसं होतं. दोनाच्या पुढे वाजला तर समजायचं, काहीतरी झालं.

"कुणी नाही गेलं."

"आई?"

"तुझी आई ठणठणीत आहे. परवाच माझ्याशी भांडली."

"मग तुम्हाला काय झालं?"

"अगं, मी बोलतोय ना."

"मग एवढा वेळ वाजवलात कशाला? जिन्यातच बसले मी." तिचा श्वास खालीवर होत राहिला. मग म्हणाली, "बोला."

"मॅडम म्हणाल्या, रोज बोलायचं."

"काय बोलायचं?"

"ते नाही सांगितलं त्यांनी."

पहिला फोन असा झाला.

समोरच्या काकूंची खिडकी आणि पिठोबाची खिडकी यांच्यात दोरीवर वाळत घातलेली एक चादर मावेल एवढंच अंतर. त्यामुळे संकट काय आहे हे इमारतीला त्याच दिवशी कळलं, आणि मदतीला काही तोटा राहिला नाही. "हवा कशी आहे विचारा," काकू म्हणाल्या. पिठोबाने विचारलं. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस, हळू बोलणं त्याच्या घशात नाही. "तिकडे ऊन आहे का?" असं तो ओरडला की वरच्या मजल्यावरची मुलं उत्तराची वाट बघायची. पंधरवड्यात इमारतीला तिकडच्या गावातलं ऊन, वारा, धुकं सगळं पाठ झालं. मग हवाही संपली.

"चौथ्या मजल्यावरचे मास्तर पाकिटातलं पीठ आणतात हल्ली."

"आणू देत की."

"दळणाच्या डब्यात घालून आणतात. मला दिसू नये म्हणून. माझ्याच दारावरून डबा मिरवत नेतात."

ती हसली. हसण्याच्या शेवटी तिला उचकीसारखा एक छोटा आवाज येतो. पिठोबा दचकला. हा आवाज असतो, हेच तो विसरून गेला होता. तीन वर्षांत काय काय विसरलो असू, म्हणून तो ताटातलं जेवण चिवडत बसला.

पण मास्तर तरी किती दिवस पुरणार? बोलणं संपायचं आणि फोन चालूच राहायचा. बाईंनी सांगितलं होतं, जितका वेळ चालू तितकं बरं. तो इकडे जेवायचा, ती तिकडे आवरायची. त्याला तिचे आवाज कळायला लागले. ती उभ्यानेच जेवते, कारण ताट ठेवल्याचा आणि नळ सोडल्याचा आवाज एकाच जागेवरून येतो. खुर्ची कधी सरकत नाही. भिंतीपलीकडे कुणाचातरी टीव्ही सारखा हसत असतो.

एके दिवशी ती कामावरून आली, फोन उचलून "हं, थांबा" म्हणाली आणि बहुधा कुठेतरी ठेवून विसरली. पिशवी टेकल्याचा आवाज आला. चपला. नळ. भांड्यात पळी. मग तिचा आवाज आला, लांबून, पाठमोरा.

"अहो, आमच्या आश्रमातली ती खिडकीतली आजी गेली आज. सकाळी केस विंचरून दिले तिचे, दुपारी गेली."

पिठोबा "अरेरे" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिकडूनच कुणीतरी म्हणालं, "हं."

खालच्या पट्टीतला, जाडसर हुंकार. तिचाच.

"मुलगा आला होता तिचा. आधी खुर्ची गाडीत घातली, मग कागदावर सह्या केल्या."

"हं."

"मला वाईट वाटलं हो."

"वाटणारच."

पळी भांड्याच्या कडेवर आपटली. "मीठ जास्त पडलंय का बघा."

"चालतं."

पिठोबाने तोंडावर हात दाबून धरला. तो आवाज त्याचा होता. 'हं', 'वाटणारच', 'चालतं'. एकही शब्द चुकला नव्हता. त्याच्याकडे याहून जास्त शब्द होतेच कुठे? रोज रिंग वाजून थांबली की ती हे करत असणार. तीन वर्षं तो त्या खोलीत राहत होता, जेवत होता, मिठाबद्दल मत देत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. ती मात्र एकटीने दोघांचं बोलत होती.

त्याने आवाज न करता फोन बंद केला. त्या संध्याकाळी गिरणी उघडायला उशीर झाला आणि तिघांचं जाड दळण बारीक निघालं. असं आजवर कधी झालेलं नव्हतं. काकूंनी खिडकीतून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" तर म्हणाला, "ऊन आहे तिकडे."

दुसऱ्या दिवशी तिने फोन उचलल्याबरोबर तो म्हणाला, "मला यायची भीती वाटतेय."

पलीकडे पिशवी टेकल्याचा आवाज आला. मग, "माहीत आहे मला."

"कसं काय?"

"आई म्हणाली, पोलिसांच्या दाखल्याला गेलात आणि फोटो विसरलात. पुन्हा गेलात, पुन्हा विसरलात. चाळणीचा एक खिळा हरवला तर झोप लागत नाही तुम्हाला. तुम्ही आणि विसरणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"रिंगमध्ये कसं सांगू हो? किती वेळा वाजवू?"

काकूंनी खिडकीतली भांडी लावायची थांबवली. खोटं कशाला बोला, आवाज येईना म्हणून त्या चक्क चादर बाजूला सारून उभ्या राहिल्या.

"तिथे येऊन मी काय करू?" शेवटी पिठोबा म्हणाला. आज पहिल्यांदाच तो ओरडत नव्हता. "दिवसभर तू राबणार, मी बसून खाणार. मला हात बांधल्यासारखं होईल गं."

"नका येऊ मग."

"तसं नाही म्हणत."

"मग कसं?"

पलीकडचा टीव्ही हसला, थांबला, पुन्हा हसला. ती रडत होती की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. रडतानाचा तिचा आवाज कसा असतो, हे त्याला कधीच माहीत नव्हतं.

"इथे माझं नाव कुणाच्या तोंडात बसत नाही," ती म्हणाली. "म्हणून सगळे 'हॅलो' म्हणतात. म्हाताऱ्या म्हणतात, साहेब म्हणतात. दिवसभर मी हॅलो. रात्रपाळी असली तर रात्रभर हॅलो." तिने नळ सोडला, बंद केला. "काही करायला नका येऊ. नुसतं बसायला या. माणूस बसलंय म्हटलं की जेवायला तरी खाली बसता येतं."

पिठोबा काहीतरी बोलला. काय ते काकूंना ऐकू आलं नाही, आणि हे दुःख त्या अजून उगाळतात.

आठवड्याने तो व्हिसावाल्या बाईंकडे गेला तेव्हा चष्मा नाकावर होता. राहिलेली सही त्याने खुर्चीवर बसायच्या आधीच केली. बाईंनी यादी पाहिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. एका दुपारच्या कॉलवर बोट ठेवून म्हणाल्या, "अरे वा दादा! हा तर चांगला लांबलचक आहे. एवढं काय बोलत होता?"

"बोललो नाही फारसं. बसलो होतो."

अर्ज मुदतीच्या आत गेला. मग वाट बघणं सुरू झालं. पलीकडच्या गल्लीतल्या एका गिरणीवाल्याला पिठोबाने दगड, पट्टा, मोटर सगळं जागेसकट देऊन टाकलं. त्याला दोन दिवस शेजारी उभं राहून दगडांना छिन्नीने टाकी कशी लावायची, कुठलं गिऱ्हाईक कसं पीठ खातं, ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी नव्या माणसाने नम्रपणे म्हटलं, "तुम्ही वर जाऊन आराम करा की." पिठोबा वर गेला. खालून मोटरची घरघर फरशीतून तळपायांना लागत होती आणि त्यात त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पीठ धुतलं गेलं तसा तो ओळखू येईनासा झाला. जिन्यात लोक बाजूला होऊन वाट द्यायचे, पाहुणा समजून.

फोनची आता कुणी सक्ती केलेली नव्हती. तरी तो रोज लागायचा. तिच्याकडे एक जुना फोन होता, तो तिने खोलीतच ठेवला आणि म्हणाली, "हा चालू राहू दे. मी कामावर असले तरी." म्हणजे दुपारभर काय, तर पिठोबा आपल्या रिकाम्या घरात बसून तिची रिकामी खोली ऐकायचा. तिच्या फ्रिजचं घुं घुं. भिंतीतल्या नळातून वरच्या कुणाचं तरी पाणी. मधूनच काहीतरी टिचकन वाजायचं. लाकडी कपाट असावं. कुठे काय आहे, याचा त्याला आता अंदाज आला होता. दार डावीकडे, ओटा समोर.

अशाच एका दुपारी व्हिसावाल्या बाईंचा घरातल्या दुसऱ्या, साध्या फोनवर निरोप आला. झालं. मंजूर झालं. तिकीट काढा.

काकू खिडकीत होत्या. "काय हो, काही कळलं का?"

"नाही अजून," पिठोबा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो काकूंशी खोटं बोलला आणि पचवलंही. पहिलं तिला सांगायचं होतं. ती कामावर होती; तिथे बोलायला बंदी. तो पलंगावर बसून राहिला. फ्रिज बंद पडला, पुन्हा सुरू झाला. टीव्ही हसला.

मग किल्ली फिरली. दार उघडलं, लागलं.

"आलीस?" तो म्हणाला.

तिकडे पावलं थांबली. "आले हो."

"दमलीस का?"

"पाय गेले माझे आज. बस चुकली, मग चालत आले. नवीन आजोबा आलेत, ते कुणाच्याच हातचं जेवत नाहीत, ताट ढकलून देतात. माझ्या हातून दोन घास खाल्ले आणि माझ्याच अंगावर सांडलं सगळं. अजून वास येतोय बघा..."

बातमी त्याच्या ओठांवर आली होती. तो तोंड उघडून बसला होता. पण ती बोलत होती, आणि तिकडच्या खोलीत, पहिल्यांदाच, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्याने पाय पलंगावर वर घेतले. तिचं आजोबांचं सांगून होऊ दे, मग सांगू.